अनोळखी नदीवर फ्लाय फिशिंगला जाताय? तिथलं चांगलं दुकान ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्राउट माशासाठी पहिल्यांदाच परक्या मुलखात जायचंय, हातात तीन दिवस आहेत, रॉड आणि रील स्वतःचं, नदीची काहीएक माहिती नाही, जवळच्या गावात तीन फ्लाय शॉप (फ्लाय म्हणजे मासा खातो त्या किड्यांसारखी दिसणारी, हुकवर बांधलेली नकली आमिषं, ती विकणारी दुकानं) दिसतायत आणि तिघांनाही भरभरून स्टार, तर यातलं चांगलं कुठलं आणि ते पोचायच्या आधीच कसं कळणार.

मी सात वर्षं अशाच एका दुकानात काउंटरमागे काढलीयत, नंतर बरीच वर्षं गाइड म्हणून लोकांना पाण्यावर नेलं, आणि स्वतः पाहुणी म्हणून अनोळखी नद्यांवर गेले तेव्हा चांगलं आणि वाईट दोन्ही बघितलंय. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कारण तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये पहिला दिवस चुकीच्या सल्ल्यावर गेला की ट्रिपचा एक तृतीयांश भाग गेला, आणि ते मला कुणाच्याच बाबतीत व्हायला नकोय.

सगळ्यात आधी एकच खूण सांगते. दुकानदार तुम्हाला काही दाखवायच्या आधी किती प्रश्न विचारतो ते मोजा. किती दिवस आहात, चालत जाणार की बोटीतून, रॉड किती नंबरचा, पाण्यात उभं राहायची सवय आहे का, तीस-चाळीस फुटांवर फ्लाय नीट टाकता येते का, लायसन्स काढलंत का. हे पाच-सहा प्रश्न न विचारता जो थेट डबा उघडून फ्लाय मोजायला लागतो त्याला तुमच्या दिवसाशी देणंघेणं नाहीये. मी काउंटरवर होते तेव्हा आमच्या मालकांचा नियमच होता, गिऱ्हाईक कुठे जाणार हे कळल्याशिवाय एकही फ्लाय कपात टाकायची नाही. तेव्हा मला ते कटकटीचं वाटायचं, आता कळतं की बरोबर होतं.

एक अनुभव सांगते. एका नदीवर मी रात्री उशिरा पोचले, सकाळी गावातल्या सगळ्यात चकचकीत दुकानात गेले. तिथल्या माणसाने हसतमुखाने तीन डझन फ्लाय काढून दिल्या, ड्राय (पाण्यावर तरंगणाऱ्या), निंफ (पाण्याखालच्या अळ्यांसारख्या), स्ट्रीमर (लहान माशांसारख्या), सगळं थोडं थोडं, आणि म्हणाला मस्त दिवस आहे, जा. नदीवर पोचले तर पाणी चहासारखं, आदल्या दुपारी वर डोंगरात पाऊस झालेला, गुडघाभर पाण्यात स्वतःचा बूट दिसेना. त्याला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं, पूल दुकानापासून चालत पाच मिनिटांवर. परत येताना दुसऱ्या, छोट्याशा दुकानात शिरले, तिथे एक वयस्कर बाई बसल्या होत्या, त्यांनी आधी माझ्या वेडरवरचा (पाण्यात उभं राहायला घालतात त्या जलरोधक विजारीवरचा) गाळ बघितला आणि म्हणाल्या मोठी नदी आज सोडा, तिला मिळणारा तो वरचा ओढा आहे ना त्याचं पाणी झऱ्याचं आहे, ते गढूळ होत नाही. मग म्हणाल्या तुमचा डबा दाखवा. डबा खिडकीकडे धरून एकेक फ्लाय बघितली, चिमट्याने चार बाजूला काढल्या, त्यातल्या एका १६ नंबरच्या एल्क हेअर कॅडिसची (कॅडिस या पाणकिड्यासारख्या ड्राय फ्लायची) खालच्या बाजूची हॅकल, म्हणजे हुकभोवती गुंडाळलेली पिसं, कात्रीने सपाट कापली, म्हणजे ती पाण्यावर उंच न तरंगता पृष्ठभागाला चिकटून बसेल, आणि म्हणाल्या बाकीचं सगळं तुमच्याकडे आहे, माझ्याकडून फक्त ६एक्सचं टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक दोरा, न्या. विकलं काय तर एक रीळ. त्या दुपारी त्या कापलेल्या कॅडिसवर मी जे मासे बघितले ते अजून लक्षात आहेत, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला त्या भागात मी दुसऱ्या कुठल्या दुकानाची पायरी चढले नाही.

आता घरी बसून काय करता येतं ते.

फोन करा. मेल नको, मेसेज नको, फोनच. आणि शनिवारी सकाळी करू नका, त्या वेळी सगळे गाइड आणि त्यांचे पाहुणे काउंटरवर दाटलेले असतात आणि कुणालाही तुमच्याशी धड बोलता येणार नाही. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी साडेदहा-अकराला करा, तेव्हा गाइड पाण्यावर गेलेले असतात आणि दुकान शांत असतं. "मासे लागतायत का" असं विचारलं तर उत्तर नेहमी हो असंच येतं, त्यातून काही कळत नाही. "काल पाणी कसं होतं आणि किडे किती वाजता निघाले" असं विचारा. ज्याला माहितीये तो लगेच सांगेल की पाणी जरा चढलंय पण स्वच्छ आहे, सकाळी काही नाही, दीडच्या सुमारास ढग आले की लहान ऑलिव्ह मेफ्लाय (पाण्यातून बाहेर पडणारे पंखांचे किडे) निघतात, संध्याकाळी कॅडिस. ज्याला माहीत नाही तो म्हणेल या हो, सगळं चालतंय सध्या. फरक पहिल्या मिनिटात ऐकू येतो.

आणि त्याने सांगितलेलं तुम्ही तपासूही शकता. बऱ्याच देशांत नद्यांच्या प्रवाहाची मापं सरकार ऑनलाइन देतं, अमेरिकेत यूएसजीएस या सरकारी संस्थेच्या गेजवर, म्हणजे नदीवरच्या मापन केंद्रावर, साधारण दर १५ मिनिटांची नोंद दिसते, प्रवाह तिथे क्युसेकमध्ये, म्हणजे धरणाच्या विसर्गाच्या बातमीत असतो तोच क्युसेक, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. फोन करायच्या आधी गेल्या आठवड्याचा आलेख बघून ठेवा. दुकानदार म्हणतो पाणी उतरतंय आणि आलेख सरळ वर चाललाय, तर फोन ठेवून पुढच्या दुकानाला लावा. पण गेज फक्त किती पाणी वाहतंय ते सांगतं, ते स्वच्छ आहे की गढूळ, कुठल्या वळणावर पाय टिकतो, कुठे खालचे दगड शेवाळाने निसरडे झालेत हे सांगत नाही, आणि दुकानाची खरी किंमत तिथेच आहे. धरणाखालची नदी असेल तर पाणी कधी सोडतात हे न विचारता उतरूच नका. मी नदीच्या मधल्या खडकावर उभी असताना पाणी चढताना बघितलंय, आधी कडेचे ओले दगड बुडतात आणि मग तुमच्या लक्षात येतं की मघाशी जिथून चालत आलो तो रस्ता आता कमरेएवढा झालाय. चांगला दुकानदार हे तुम्ही विचारायच्या आधीच बजावतो.

तापमानाचंही तसंच. ट्राउट थंड पाण्याचा मासा. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २० अंशाला तो ९ वर येतो, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून २० अंशाच्या वर गेलेल्या पाण्यात झुंजवलेला मासा सोडला तरी नंतर मरू शकतो, तुमच्या डोळ्यांसमोर पोहत गेला असला तरी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पाणी तापलं की काही नद्यांवर दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. ऐन उन्हाळ्यात जात असाल तर फोनवर मुद्दाम विचारा की दुपारी मासेमारी करावी का. "पहाटे या, अकराला काठी गुंडाळा" असं जो सांगेल, त्याच्याकडे डोळे झाकून जा. स्वतःची विक्री कमी होत असताना जो माणूस नदीची बाजू घेतो तो बाकीच्या बाबतीतही तुम्हाला खरंच सांगणार.

स्टार आणि रिव्ह्यूंबद्दल जास्त लिहित नाही. "खूप छान स्टाफ, पुन्हा येऊ" यातून काही हाती लागत नाही. ज्या रिव्ह्यूमध्ये महिना, नदीचा भाग आणि काय सांगितलं होतं ते लिहिलंय तेवढेच वाचा, वाईट रिव्ह्यू आधी. फोटो मात्र बघा, पण मासा किती मोठा ते सोडून द्या. मासा कसा धरलाय ते बघा. हात ओले आहेत का, मासा पाण्याच्या लगत आहे का, खाली जाळं आहे का, की कोरड्या वाळूवर ठेवून वर रॉड आडवा टाकलाय, कल्ल्यात बोटं घातलीयत. ज्या दुकानाच्या पानावर कल्ल्यात बोटं घातलेले फोटो मिरवतायत त्यांच्या गाइडबरोबर मी माझ्या ओळखीच्या कुणालाही पाठवणार नाही.

प्रत्यक्ष दुकानात शिरल्यावर. दारापाशी हॅचचा फळा असतो बऱ्याच ठिकाणी, कुठल्या नदीवर कुठला किडा निघतोय ते लिहिलेलं. फळ्यावरची तारीख बघा. कालची किंवा आजची असेल तर उत्तम, तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर तो फळा शोभेचा आहे. मग फ्लायचे कप्पे. नवखा माणूस भरलेल्या कप्प्यांकडे जातो, तुम्ही रिकामे होत आलेले बघा. तीन कप्पे जवळजवळ संपलेत आणि बाकी सगळे काठोकाठ, तर स्थानिक लोक आणि गाइड काय नेतायत ते तुम्हाला कुणी न सांगता कळलं. एखादी फ्लाय उचलून हुकच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाकडे, बघा, दोऱ्याचं डोकं डोळ्यावर चढलं असेल तर नदीवर थंड बोटांनी टिपेट ओवताना तुमचा जीव मेटाकुटीला येणार. नखाने हलकेच सरकवून बघा, दोरा फिरतो का. आणि १८, २०, २२ नंबरच्या लहान फ्लाय आहेत का, कारण हुकचा नंबर वाढतो तशी फ्लाय बारीक होते, आणि झऱ्याच्या किंवा धरणाखालच्या थंड स्वच्छ पाण्यावर बहुतेक काम याच बारक्या मिज (चिलटांसारखे किडे) आणि मेफ्लायवर चालतं. असं पाणी जवळ असून दुकानात सगळ्या १० आणि १२ च्या रंगीबेरंगी फ्लाय टांगल्या असतील तर ते पर्यटकांसाठीचं दुकान आहे.

टिपेट कुठे ठेवलंय तेही बघा. नायलॉन उन्हाने कमकुवत होतं. खिडकीतल्या स्टँडवर, उन्हात, वर धूळ, असं असेल तर घेऊ नका, एक फूट ओढून गाठ मारून झटका दिला की कळतंच. टिपेटच्या नंबरचा हिशोब माहीत नसेल तर सोपा आहे, ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल ती जाडी इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. आणि फ्लायच्या नंबरला ३ ने भागलं की कुठलं एक्स लावायचं त्याचा अंदाज येतो, १८ ला ६एक्स, १२ ला ४एक्स. हे काउंटरवरच्या पोराला विचारून बघा असं मी म्हणणार नाही, परीक्षा घ्यायला जायचं नाहीये आपल्याला, पण तुम्ही फ्लाय निवडल्यावर त्याने स्वतःहून टिपेटची चौकशी केली तर तो जाणता आहे असं समजा.

वेडर आणि बूट भाड्याने घेणार असाल तर इथे जरा थांबा. नदी-नदीतून शेवाळ आणि माशांचे रोग आपल्याच ओल्या बुटांतूनही पसरू शकतात. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर २००४ मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, दगडांवर जाड, ओल्या लोकरीसारखा थर धरतं ते, आणि २००८ मध्ये तिथे फेल्ट (नमद्यासारखं दाबलेलं जाड कापड) तळाचे बूट बंद झाले, कारण फेल्ट दिवसेंदिवस आतून ओलं राहतं. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्येही २०१८ पासून फेल्ट चालत नाही. तुमच्याकडे घरचे फेल्ट बूट असतील तर निघायच्या आधी विचारून घ्या, आणि आइसलँडसारख्या ठिकाणी जात असाल तर परदेशात वापरलेलं सामान निर्जंतुक करून न्यावं लागतं हे लक्षात ठेवा. दुकानात विचारायचं ते एवढंच, भाड्याचे बूट परत आल्यावर तुम्ही काय करता. जो तुम्हाला मागच्या अंगणात नेऊन धुण्याची टाकी आणि वाळत घातलेली रांग दाखवतो त्याच्याकडून निःशंक घ्या. "पुसून ठेवतो" म्हणणाऱ्याकडून नको. वेडर घेतलेत तर दुकानातच आतून टॉर्च मारून शिवणीवर उजेड येतो का बघा, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन, गळका वेडर थंड पाण्यात अर्ध्या तासात दिवस संपवतो.

लायसन्स आणि नियम. बहुतेक चांगली दुकानं लायसन्स स्वतः काढून देतात किंवा कुठे काढायचं ते सांगतात, पण एकाच नदीवर पुलाच्या वर वेगळा नियम आणि खाली वेगळा असं सर्रास असतं, कुठे फक्त फ्लाय, कुठे बिनकाट्याचे म्हणजे बार्ब नसलेले हुक, कुठे मासा सोडूनच द्यायचा. काही देशांत सरकारी लायसन्सशिवाय त्या पाण्याचं दिवसाचं तिकीट वेगळं लागतं, इंग्लंडमध्ये रॉड लायसन्स एक आणि पाण्याच्या मालकाची परवानगी दुसरी, जपानमध्ये नदीच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं तिकीट. दुकानदाराला नकाशा उघडून बोट ठेवून दाखवायला सांगा, कुठून कुठपर्यंत. जो नकाशा काढतो, पेन घेतो आणि खाजगी जमीन कुठली, वाट कुठली, गाडी कुठे लावायची तेही आखून देतो, त्याच्या दुकानात तुमचे पैसे खर्च व्हायला हवेत.

गाइड घ्यायचा का? तीन दिवस असतील आणि नदी अनोळखी असेल तर माझं स्पष्ट मत, पहिल्या दिवशी घ्या, उरलेले दोन दिवस स्वतः फिरा. बरेच जण उलटं करतात, दोन दिवस चाचपडतात आणि शेवटच्या दिवशी हताश होऊन गाइड घेतात, मग जे शिकलं ते वापरायला दिवसच उरत नाही. चांगलं दुकान हे स्वतः सुचवतं, तीनही दिवसांचं बुकिंग गळ्यात मारत नाही. बुकिंग करताना नाव विचारा, की माझ्याबरोबर नक्की कोण येणार आणि या नदीवर त्याचा कितवा सीझन आहे, कारण गर्दीच्या दिवसांत काही ठिकाणी परवाच कामाला लागलेलं पोरगं पाठवतात. परवाना आणि विमा आहे का विचारा, त्यात लाजायचं काही कारण नाही. आणि पाणी गढूळ होऊन दिवस वाया गेला तर तारीख बदलून देणार की पैसे परत, हे लेखी घ्या. तुमचा स्वभावही सांगून टाका, मला मासे मोजायचे नाहीत, मला निंफ लावायला शिकायचंय, असं असेल तर तसं. गाइडला हे आधी कळलं तर तो पाण्याचा भागच वेगळा निवडतो, मी तर नेहमी निवडायचे.

तुमच्या बाजूनेही काही पाळायचं असतं. दुकानाची माहिती फुकट मिळते पण ती गोळा करायला कुणीतरी रोज पहाटे पाण्यावर गेलेलं असतं. तासभर प्रश्न विचारून, फ्लायचे फोटो काढून, मग तेच ऑनलाइन मागवणारे लोक मी खूप बघितले, आणि दुसऱ्या दिवशी ते परत आले की काउंटरवरचे आम्ही सगळे अचानक कामात असायचो. डझनभर फ्लाय तिथेच घ्या, लीडर (मुख्य दोरी आणि टिपेट यांच्यामधला निमुळता दोरा) तिथेच घ्या. आणि कुणी तुम्हाला विश्वासाने एखादी जागा सांगितली तर तिचं नाव फोटोखाली लिहू नका, लहान ओढ्याची वाट लागायला एक सीझन पुरतो.

शेवटचं, आणि हे बहुतेक पाहुणे करतच नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत जा. मासा लागला नसेल तरी जा, उलट तेव्हा तर नक्कीच. कुठे उभे होतात, किती वाजता किडे दिसले, मासे वर येत होते पण फ्लाय नाकारत होते की येतच नव्हते, पाणी हाताला कसं लागलं, ते सांगा. किडा सापडला असेल तर छोट्या डबीत घेऊन जा, नाहीतर फोनमध्ये बोटावर ठेवून फोटो. सकाळी तुम्ही शंभरातले एक पाहुणे होतात, संध्याकाळी तुम्ही त्यांच्यासाठी बातमी आणलेली असते, आणि मग काउंटरवरचा माणूस खालचा खण उघडतो, जिथे गाइडसाठी बांधलेल्या फ्लाय असतात, आणि म्हणतो उद्या हे लावून बघा, पण नऊच्या आधी नको आणि पुलाच्या खालच्या बाजूने उतरा.